नकाशावरील बाण : ‘नाइन्टीन एटी-फोर’मधील काल्पनिक युद्ध आणि त्याची भूमी

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीवर १९४९ पासून आजवर जे समीक्षालेखन झाले, त्याचा फार मोठा भाग टेहळणीची यंत्रणा, भाषेचा बुद्धिपुरस्सर केलेला संकोच आणि व्यक्तिमनाचा विध्वंस या तीन विषयांभोवती फिरत राहिला आहे. कादंबरीचा एकंदर भर पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या आधारावर ओशनियाच्या राजवटीचा सारा डोलारा उभा आहे, ते युद्ध मात्र बहुधा पार्श्वभूमी म्हणून बाजूला ठेवले जाते. नाट्यप्रयोगात मागच्या पडद्याकडे जितके लक्ष जावे तितकेच लक्ष त्याकडे गेलेले दिसते. वस्तुतः विन्स्टन स्मिथच्या आयुष्यातील प्रत्येक उणिवेचे, अगदी दाढीच्या पात्यांच्या टंचाईचेही, अधिकृत कारण हे युद्धच आहे. ते कोठे चालते आणि कोणाच्या भूमीवर चालते, हा प्रश्न विचारला की या कादंबरीच्या सामर्थ्याचे एक फारसे न चर्चिलेले उगमस्थान समोर येते, आणि त्याबरोबरच तिची एक गंभीर उणीवही हाती लागते.

युद्धाची मांडणी थोडक्यात अशी आहे. जग ओशनिया, युरेशिया आणि ईस्टेशिया या तीन महासत्तांत विभागले गेले आहे. प्रत्येकीचे तत्त्वज्ञान वेगळे म्हणविले जाते : ओशनियात ‘इंगसॉक’, युरेशियात नव-बोल्शेव्हिझम आणि ईस्टेशियात ‘मृत्युपूजा’ या नावाने ओळखले जाणारे, परंतु अहंभावाच्या लोपाचा पुरस्कार करणारे एक मत. परस्परांची मुख्य भूमी जिंकण्याचा प्रयत्न कोणीही गांभीर्याने करीत नाही. ध्रुवाजवळचा हिमप्रदेश वादग्रस्त आहे खरा. पण खरी झुंज चालते ती टँजियर, ब्राझाव्हिल, डार्विन आणि हाँगकाँग हे चार कोपरे असलेल्या एका ओबडधोबड चौकोनासाठी. नकाशावर हे चार बिंदू जोडून पाहिले की चौकोनाची व्याप्ती ध्यानात येते. सहाराचा पूर्वेकडील विस्तीर्ण भाग, ईजिप्तचे पश्चिमी वाळवंट, सुदान, संपूर्ण अरबस्तान, दक्षिण भारत आणि इंडोनेशियाची बेटे त्यात सामावतात. मुंबईही त्यात येते. आफ्रिकेच्या उत्तरार्धापासून अरबस्तानापर्यंत पसरलेला वाळवंटी पट्टा हे या रणभूमीचे सर्वांत मोठे सलग अंग आहे. कादंबरीचा शेवटचा प्रसंग ज्या बातमीवर उभारलेला आहे, ती बातमीही आफ्रिकेच्या आघाडीवरूनच येते.

मात्र या आघाडीवर कादंबरी एकदाही जात नाही. चारशे पृष्ठांच्या युद्धकादंबऱ्यांत जे जे अपेक्षित असते, म्हणजे तहान, धूळ, सैनिकांचे आपसातील बोलणे, प्रेतांची विल्हेवाट, त्यातील काहीही येथे नाही. युद्ध येते ते टेलिस्क्रीनवरील तुतारीच्या आवाजानंतर. पहिल्या भागातच मलबार आघाडीवरील विजयाची बातमी सांगितली जाते. ती ऐकताना विन्स्टनच्या मनात विजयाचा विचार येत नाही, काहीतरी वाईट बातमी मागोमाग येणार असे मनात येते. आणि लगेच चॉकलेटचे वाटप तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅमवर आणल्याचे जाहीर होते. पुढे हेच वीस ग्रॅम ‘वाढवून दिल्याबद्दल’ मिरवणुका निघतात. मलबारातील विजय आणि लंडनमधील चॉकलेट यांचा हा जो सांधा ऑर्वेलने जुळविला आहे, तो केवळ उपरोधासाठी नाही. युद्धाच्या बातमीचा उपयोग काय, हे त्याने एकाही स्पष्टीकरणात्मक वाक्यावाचून येथे दाखविले आहे.

याहून सूक्ष्म प्रसंग कॉम्रेड ओगिल्व्हीचा. सत्य मंत्रालयातील आपल्या टेबलापाशी बसून विन्स्टनला एका जुन्या भाषणातील बहिष्कृत व्यक्तीचे नाव पुसून टाकायचे असते. त्या जागी तो एक हुतात्मा निर्माण करतो : हिंदी महासागरावरून महत्त्वाचे खलिते घेऊन उडणारा, शत्रूच्या विमानांनी गाठल्यावर मशिनगनचे वजन अंगाला बांधून समुद्रात उडी घेणारा, तेवीस वर्षांचा वीर. असा कोणी नव्हताच. परंतु दोनचार ओळी आणि एखादे बनावट छायाचित्र यांच्या बळावर तो आता शार्लमेन किंवा ज्यूलियस सीझर यांच्याइतकाच खरा होणार असतो. विन्स्टनला यात अपराध वाटत नाही, उलट कारागिराचा आनंद वाटतो. हे मानसशास्त्रीय निरीक्षण फार अचूक आहे. बातमी बनविणाऱ्या माणसाची बुद्धी आणि त्याची नीती यांची फारकत कशी होते, हे या दोन पानांत जितके दिसते तितके ओब्रायनच्या दीर्घ व्याख्यानांतही दिसत नाही.

द्वेष-सप्ताहातील प्रसंग सर्वपरिचित आहे. वक्ता बोलत असतानाच त्याच्या हाती एक चिठ्ठी येते. वाक्याची रचना न मोडता, आवाजाची पट्टी न बदलता शत्रू बदलतो, आणि युरेशियाच्या जागी ईस्टेशियाचे नाव येते. जमाव आपल्याच हातांतील फलक चुकीचे आहेत म्हणून फाडून टाकतो आणि त्याचा दोष गोल्डस्टाइनच्या हस्तकांवर ढकलतो. येथे विचारप्रणालींच्या संघर्षाचे सारे सोंग एका क्षणात गळून पडते. शत्रूच्या तत्त्वज्ञानाविषयी त्या वक्त्याने आधी काय सांगितले असेल आणि नंतर काय सांगितले असेल, याची चौकशी करण्याची गरज वाचकालाही भासत नाही. कारण तत्त्वज्ञान हा त्या भाषणाचा विषयच नव्हता.

या सर्वांचा वाङ्मयीन परिणाम असा की वाचक विन्स्टनच्याच स्थितीत ठेवला जातो. युद्ध खरोखर चालू आहे की नाही हे विन्स्टनला ठरविता येत नाही आणि वाचकालाही येत नाही. लंडनवर पडणारे बाँब ओशनियाचे सरकार स्वतःच टाकीत असावे, असे ज्यूलिया सहज बोलून जाते. तिच्या या शंकेने विन्स्टनला आश्चर्य वाटते, कारण ती त्याला कधी सुचलीच नव्हती. कादंबरीकाराने आघाडीवरील एकही दृश्य प्रत्यक्ष दाखविले असते तर ही शंका तत्काळ खोटी ठरली असती. म्हणून रणभूमीचे हे अदृश्यत्व कादंबरीच्या रचनेतच अभिप्रेत आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

ही रचना कोठून आली याचा विचार करताना ऑर्वेलच्या चरित्रातील एका कालखंडाकडे वळणे अपरिहार्य ठरते. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ या काळात तो बीबीसीच्या पूर्वविभागात नोकरीस होता आणि भारतासाठी नभोवाणीवर प्रसारित होणारी साप्ताहिक युद्धवार्तापत्रे लिहीत होता. काही वार्तापत्रे इंग्रजीतच वाचली जात. काहींचे मूळ संहितालेखन ऑर्वेल इंग्रजीत करी आणि ती गुजराती, मराठी, बंगाली, तमिळ इत्यादी भाषांत अनुवादित होऊन प्रसारित होत. या विभागात वेणू चितळे यांच्यासारखी, पुढे १९५० मध्ये ‘इन ट्रान्झिट’ ही पुण्यातील एका कुटुंबाची इंग्रजी कादंबरी लिहिणारी, मराठी लेखिका त्याची सहकारी होती. मराठी वाचकाने ही गोष्ट विसरू नये, ती केवळ अभिमानासाठी नव्हे. काल्पनिक चौकोनी रणभूमीचा निर्माता त्याआधी खऱ्या वाळवंटी युद्धाची बातमी मराठी श्रोत्यासाठी लिहीत होता, हा समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा पुरावा आहे.

खरे वाळवंटी युद्धही बहुराष्ट्रीय होते. इटली आणि जर्मनी एका बाजूस. दुसऱ्या बाजूस ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, स्वतंत्र फ्रान्सच्या तुकड्या, पोलंडचे निर्वासित सैनिक आणि भारतीय सेना. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले तेव्हा सुमारे ३३,००० सैनिक शरण गेले. त्यांत अकराव्या भारतीय ब्रिगेडमधील मराठा पलटणही होती. म्हणजे ज्या घरांतील माणसे त्या वाळूत कैद झाली, त्या घरांच्या भाषेत त्याच महिन्यांत लंडनहून युद्धाचा वृत्तांत येत होता. वृत्तांत लिहिणारा माणूस त्या आघाडीपासून हजारो मैल दूर होता, त्याच्यावर लष्करी नियंत्रकाची नजर होती, आणि त्याचे शब्द परक्या भाषेत गेल्यावर कसे ऐकू येतात हे त्याला समजण्याचा मार्ग नव्हता. विन्स्टनचे टेबल आणि हे टेबल यांत अर्थातच फरक आहे. बीबीसीला सत्य मंत्रालय म्हणणे हा वावदूकपणा होईल. परंतु युद्ध म्हणजे कागदावर येणारी स्थळनामे, हा अनुभव दोन्हीकडे एकच आहे.

त्या दृष्टीने चौकोनाच्या कोपऱ्यांची नावे पुन्हा पाहण्यासारखी आहेत. टँजियर हे आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालील शहर जून १९४० मध्ये फ्रँकोच्या स्पेनने व्यापले. ब्राझाव्हिल ही त्याच वर्षी स्वतंत्र फ्रान्सची आफ्रिकेतील राजधानी झाली. हाँगकाँग २५ डिसेंबर १९४१ रोजी जपानच्या हाती गेले. डार्विनवर १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी बाँबवर्षाव केला. चारही नावे अवघ्या दोन वर्षांच्या वार्तापत्रांतील आहेत. कोणा भूगोलतज्ज्ञाने साधनसंपत्तीचा अभ्यास करून हे कोपरे निवडले असते तर ते वेगळे असते. हे कोपरे बातमी लिहिणाऱ्याच्या स्मरणातून आलेले दिसतात. ऑर्वेलच्या कल्पनेचा मगदूर यात कमी होत नाही. उलट, त्याच्या काल्पनिक युद्धाला जो विलक्षण खरेपणा आहे तो याच स्मरणाने आलेला आहे.

वृत्तपत्राच्या कचेरीतून वाळवंटाची कल्पना जन्मास येण्याचे हे एकच उदाहरण नव्हे. दिनो बुत्सातीची ‘तार्तारांचे वाळवंट’ ही इटालियन कादंबरी १९४० साली, इटली युद्धात उतरण्याच्या सुमारास प्रसिद्ध झाली. मिलानच्या एका दैनिकातील रात्रपाळीच्या एकसुरी कामातून ती सुचल्याचे लेखकानेच सांगितले आहे. किल्ल्यावर तीस वर्षे शत्रूची वाट पाहणारा द्रोगो, शत्रू खरोखर आला तेव्हा आजारी म्हणून परत पाठविला जातो. ज्यूलियाँ ग्राकच्या १९५१ मधील ‘सिर्तचा किनारा’ या फ्रेंच कादंबरीत दोन काल्पनिक राज्यांमधील युद्ध तीनशे वर्षे निद्रिस्त आहे. तिच्या शीर्षकातील नाव मात्र लिबियाच्या ज्या किनाऱ्यावर १९४० ते १९४३ पर्यंत रणगाडे धावत होते त्याच आखाताचे आहे. या दोन्ही कृती काव्यदृष्ट्या ऑर्वेलपेक्षा सरस ठरतील. त्यांचा येथे उल्लेख एवढ्यासाठीच की तिन्ही कादंबऱ्यांत वाळवंट ही एक रिकामी पाटी आहे. बुत्साती तीवर काळ लिहितो, ग्राक इतिहासाची ओढ लिहितो, ऑर्वेल राज्यशास्त्र लिहितो. पाटीवर आधी कोणी काही लिहिले होते का, हे तिघांपैकी कोणी पाहत नाही.

हे राज्यशास्त्र गोल्डस्टाइनच्या नावावर असलेल्या ग्रंथात येते. त्यातील मुख्य सिद्धांत असा की यंत्रयुगात उत्पादन इतके वाढते की सर्वांना पुरेल. सर्वांना पुरले की उतरंड टिकत नाही. म्हणून उतरंड टिकविण्यासाठी उत्पादन नष्ट करीत राहावे लागते आणि युद्ध हा नाशाचा मानसिकदृष्ट्या सर्वांत सोयीचा मार्ग आहे. एका तरंगत्या किल्ल्यात शेकडो मालवाहू जहाजांचे श्रम अडकून पडतात, आणि तो कोणाच्याही उपयोगी न पडता भंगारात निघतो. तीन महासत्तांची कल्पना जेम्स बर्नहॅमच्या १९४१ मधील व्यवस्थापकीय क्रांतीवरील ग्रंथातून आली, आणि जगाची प्रभावक्षेत्रांत वाटणी करण्याचा विचार १९४३ च्या तेहरान परिषदेवरून सुचला, हे ऑर्वेलच्याच लेखनावरून सिद्ध होते. १९४६ मध्ये त्याने बर्नहॅमवर कठोर टीका केली होती : जो आज जिंकतो आहे तो सदैव जिंकत राहील असे मानणे ही सत्तेची पूजा आहे, असा तिचा रोख होता. ही टीका स्मरणात ठेवली पाहिजे, कारण ती कादंबरीलाही लागू पडते काय हे पुढे पाहावे लागेल.

सिद्धांत म्हणून या विवेचनाचे मूल्य मोठे आहे. प्रतिस्पर्धी विचारप्रणाली जितक्या मोठ्याने परस्परांचा धिक्कार करतात तितक्याच त्यांच्या समाजरचना एकमेकींसारख्या होत जातात, हे त्यातील निरीक्षण नंतरच्या चाळीस वर्षांच्या शीतयुद्धाने अनेकदा खरे करून दाखविले. परंतु याच विवेचनात चौकोनातील माणसे येतात ती दोनच रूपांत. एक, पृथ्वीच्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा हा आकडा. दुसरे, एका विजेत्याकडून दुसऱ्याकडे जाणारे, कोळसा किंवा तेल यांच्याप्रमाणे खर्ची पडणारे स्वस्त श्रम. शिवाय त्यांच्या श्रमाने जगाच्या संपत्तीत काही भर पडत नाही आणि ती माणसे नसती तरी व्यवस्थेच्या रचनेत फरक पडला नसता, असेही सांगून टाकले आहे. वाक्य थंडपणे येते आणि ग्रंथ पुढे सरकतो.

ऑर्वेलला ही माणसे दिसत नव्हती असे म्हणता आले असते तर प्रश्न सोपा झाला असता. तसे म्हणता येत नाही. तो मोतिहारीत जन्मला. १९२२ ते १९२७ पर्यंत ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. आणि १९३८-३९ चा हिवाळा त्याने सहाराच्या उंबरठ्यावर, मराकेश येथे काढला. त्या वास्तव्यावरील १९३९ च्या निबंधाचा विषयच मुळी हा आहे की युरोपीय माणसाला तेथील सावळी माणसे दिसत नाहीत. शेतात राबणारा माणूस मातीत मिसळून जातो, लाकडाच्या मोळ्या दिसतात पण त्या वाहणाऱ्या वृद्ध स्त्रिया दिसत नाहीत, आणि हे आपलेही झाले हे लेखकाने लाजून कबूल केले आहे. ज्याने दहा वर्षांपूर्वी हा दृष्टिदोष इतक्या नेमकेपणाने नोंदला, त्याच्याच महत्त्वाकांक्षी कादंबरीत तो दोष पुन्हा का यावा?

कादंबरीची क्षमता नव्हती असेही नाही. विन्स्टनच्या रोजनिशीतील पहिल्याच नोंदीत भूमध्य समुद्रात निर्वासितांनी भरलेल्या जहाजावर बाँब पडल्याचा चित्रपट आहे. त्यात आपल्या बाळाला हाताने झाकणारी एक स्त्री आहे. हात बंदुकीच्या गोळीला अडवू शकत नाही हे ठाऊक असूनही ती तो पुढे करते. त्या एका हालचालीचा प्रतिध्वनी कादंबरीत शेवटपर्यंत ऐकू येतो, विन्स्टनच्या आईच्या आठवणीशी तो जोडला जातो. दुसऱ्या भागाच्या आरंभी युरेशियन कैद्यांच्या मोटारी चौकातून जातात. गर्दीत ज्यूलियाचा हात विन्स्टनच्या हाती असतो, पण तिच्याकडे पाहण्याची सोय नसल्याने त्याच्या डोळ्यांना डोळे भिडतात ते एका वृद्ध कैद्याचे. हा प्रसंग कादंबरीतील उत्कृष्ट प्रसंगांपैकी आहे. म्हणजे समुद्रातील बळीला देह मिळाला, शत्रूच्या सैनिकाला डोळे मिळाले. वाळवंटातील रहिवाशाला मात्र काहीच मिळाले नाही. अटकेपूर्वी खिडकीतून कपडे वाळत घालणाऱ्या बाईकडे पाहताना विन्स्टनच्या मनात साऱ्या जगातील सामान्य माणसांविषयी जो उमाळा येतो, त्यात आफ्रिकेचे नाव येऊन जाते, चीन-जपानच्या बाजारपेठाही येतात. पण अरबस्तान नाही, आणि ज्या मलबारच्या विजयाने कादंबरीतील बातम्यांना प्रारंभ झाला तो भारतही नाही.

यावर एक समर्थन संभवते आणि ते दुबळे नाही. गोल्डस्टाइनचा ग्रंथ लिहिण्यात आपलाही हात होता असे ओब्रायन नंतर सांगतो. तसे असेल तर चौकोनातील माणसांना केवळ श्रमाचा साठा मानणे ही ऑर्वेलची दृष्टी नसून पक्षाची दृष्टी ठरते, आणि तिच्यातील क्रौर्य हा व्यंगाचाच भाग होतो. हे मान्य केले तरी अडचण संपत नाही. पक्षाच्या दृष्टीला छेद देणारी म्हणून जी दृष्टी कादंबरीत आहे ती विन्स्टनची. आणि त्याने आपली सारी आशा ज्या श्रमिकवर्गावर ठेवली तो लंडनच्या गल्ल्यांतला आहे. व्यंगाला प्रतिपक्ष लागतो. चौकोनाच्या बाबतीत प्रतिपक्ष कोठेच उभा राहत नाही, म्हणून व्यंग आणि विस्मरण यांतील सीमारेषा पुसट होते. बर्नहॅमवर ऑर्वेलने जो आक्षेप घेतला होता तो येथे त्याच्याकडे परत येतो : जे आज सत्तेच्या मुठीत आहेत ते सदैव तेथेच राहतील, हे गृहीत धरण्याचा आक्षेप.

इतिहासाने तर हे गृहीत कादंबरी लिहिली जात असतानाच मोडून काढले. जुरा बेटावर १९४६ ते १९४८ या वर्षांत हस्तलिखित सिद्ध होत होते; त्याच काळात, १९४७ मध्ये, भारत स्वतंत्र झाला. ऑर्वेल या स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता होता. तरीही कादंबरीत दक्षिण भारत तीन सत्तांमधील चेंडूच राहिला. १९५१ मध्ये लिबिया, १९५६ मध्ये सुदान, १९६२ मध्ये आठ वर्षांच्या युद्धानंतर अल्जीरिया स्वतंत्र झाला. १९५५ च्या बांडुंग परिषदेत आशिया-आफ्रिकेतील २९ देशांचे प्रतिनिधी एकत्र बसले. बांडुंगही या चौकोनातच आहे. कादंबरी भविष्यवाणी म्हणून चुकली असा दोष येथे द्यायचा नाही. कादंबरी हे पंचांग नव्हे. मुद्दा असा की ज्या ठिकाणाहून त्या बंदिस्त जगाला तडा जाणे शक्य होते, तेथे कादंबरीकाराने पाहिलेच नाही, आणि त्यामुळे त्या जगाची बंदिस्तता काही अंशी सिद्ध न होता नुसती गृहीत राहिली.

वाळवंट रिकामे असते ही समजूत साहित्यापुरती राहिली असती तर तिची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. लिबियात १९३० ते १९३३ या काळात इटालियन राजवटीने सायरेनेइकातील भटक्या जमातींना तारेच्या कुंपणातील छावण्यांत कोंडले. वृद्ध उमर मुख्तार याला १६ सप्टेंबर १९३१ रोजी फाशी देण्यात आले. अवघ्या दहा वर्षांनंतर याच भूमीचे वर्णन युद्धवृत्तांतांतून डावपेचांसाठी मोकळे मैदान म्हणून होऊ लागले. एल अलामेनच्या परिसरात पुरलेले लक्षावधी सुरुंग युद्ध संपल्यावरही तेथेच राहिले आणि त्यांवर पाय पडला तो मेंढरे चारणाऱ्या औलाद अली जमातीच्या माणसांचा. गोल्डस्टाइनच्या ग्रंथात महासत्तांच्या गुप्त प्रयोगशाळांची जी ठिकाणे सांगितली आहेत, त्यांत ऑस्ट्रेलियातील वाळवंट आहे. ब्रिटनने १९५३ मध्ये इमू फील्ड येथे आणि १९५६ पासून मारालिंगा येथे त्याच वाळवंटात अणुस्फोट केले. तेथे राहणाऱ्या आदिवासींना हुसकावण्यात आले, आणि ज्यांना हुसकावणे जमले नाही ते किरणोत्सर्गाच्या छायेत फिरत राहिले. या एका तपशिलात ऑर्वेलची दूरदृष्टी थक्क करणारी आहे. तेथेही प्रयोगशाळा त्याला दिसली, माणूस दिसला नाही.

ब्राझाव्हिलचेही असेच. १९४४ च्या जानेवारीअखेरीस या शहरात फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी परिषद भरली होती. द गॉल उपस्थित होता, गव्हर्नर उपस्थित होते. वसाहतींना स्वराज्य देण्याची कल्पना तेथे बाजूला सारण्यात आली, आणि आफ्रिकेतील जनतेने निवडलेला एकही प्रतिनिधी त्या सभेत नव्हता.

कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणात हेच शहर परत येते. छळातून बाहेर पडलेला विन्स्टन ‘चेस्टनट ट्री’ कॅफेत बुद्धिबळाचा पट मांडून बसला आहे. त्या डावात पांढरी बाजूच नेहमी मात करते. आफ्रिकेतून वाईट बातमी आहे. युरेशियाचे सैन्य भयावह वेगाने दक्षिणेकडे सरकत आहे, ब्राझाव्हिल कदाचित पडलेही असेल. विन्स्टनच्या मनातील नकाशावर एक काळा बाण सरळ खाली उतरतो आणि एक पांढरा बाण पश्चिमेकडून आडवा येऊन त्याचे शेपूट छेदतो. टेबलावरील धुळीत त्याचे बोट दोन आणि दोन पाच असा हिशेब लिहून जाते. मग तुतारी वाजते. गुप्तपणे जमविलेले आरमार शत्रूच्या पिछाडीवर उतरले, पाच लाख कैदी हाती लागले, सारी आफ्रिका ताब्यात आली असे जाहीर होते. पांढरा बाण काळ्याच्या शेपटावरून निघून गेलेला असतो, आणि विन्स्टनच्या डोळ्यांतून जिनच्या वासाचे अश्रू ओघळतात. ऑर्वेलच्या कलेचा हा परमोच्च बिंदू आहे : युद्धाची बातमी ऐकून माणूस अखेर पूर्णपणे सत्तेचा होतो, आणि ती बातमी खरी की खोटी हे वाचकाला अद्यापही ठाऊक नसते. बाण काळा असो वा पांढरा, तो ज्या वस्त्यांवरून गेला त्यांपैकी एकीचेही नाव त्या घोषणेत नाही, विन्स्टनच्या नकाशात नाही आणि कादंबरीच्या कोणत्याही पानावर नाही.